दगड उचलण्याआधी : श्रीलंकेच्या ओढ्यांतले खेकडे कसे पाहावेत, ओळखावेत आणि नोंदवावेत

कोकणात वाढलेल्या माणसाला खेकडे पकडायला शिकवावं लागत नाही. मिरगाचा पाऊस पडला की रात्री बॅटरी घ्यायची, दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा, आणि ओहोळाच्या कडेने चालत सुटायचं. मीही तसाच शिकलो. त्यामुळे श्रीलंकेत एका चहाच्या मळ्याशेजारच्या ओढ्यात पहिल्यांदा उतरलो, तेव्हा हात सवयीने थेट दगडाखाली गेला. सोबतचा वाटाड्या माझ्याहून बराच लहान. तो घाईने ओरडला, "अय्या, एपा!" सिंहलीत अय्या म्हणजे दादा आणि एपा म्हणजे नको.

मला वाटलं, साप असेल. साप नव्हता. मी ज्या तऱ्हेने दगड उपटत होतो, ते त्याला नको होतं.

पकडायला येणं आणि पाहायला येणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिली आपल्याकडे घरोघरी आहे, दुसरीची मात्र बोंब. श्रीलंकेला फिरायला जाणारे मराठी लोक आता बरेच आहेत. कँडी, नुवारा एलिया, सिंहराजाचं जंगल असा फेरा होतोच, आणि वाटेत पाच-पन्नास ओढे ओलांडले जातात. त्यातल्या एखाद्या ओढ्याकाठी दोन-तीन तास काढायची तयारी असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

हा खेकडा ओढा सोडून कुठे जाऊ शकत नाही

पुढच्या प्रत्येक पायरीचं कारण या एका गोष्टीत आहे, म्हणून इथे जरा थांबू.

समुद्रातली चिंबोरी लाखांनी अंडी घालते. त्यातून खेकडा निघत नाही, सुईच्या टोकाएवढी तरंगती डिंभकं निघतात. ती प्रवाहाबरोबर कुठच्या कुठे जातात आणि मग कधीतरी खेकड्याचा आकार घेतात. गोड्या पाण्याच्या खऱ्या खेकड्यात ही तरंगती अवस्थाच नसते. अंडी मोठी आणि मोजकी असतात. मादी ती पोटाखाली धरून ठेवते आणि अंड्यातून बाहेर पडतो तो थेट इवलासा खेकडा, आठ पाय नि दोन नांग्यांसकट. पिल्लंही काही काळ आईच्या पोटाखालीच राहतात. मग उतरतात ती त्याच ओढ्यात, त्याच दगडांत.

म्हणजे या खेकड्याला पसरायचं तर चालतच जावं लागतं. मध्ये डोंगराची कोरडी धार आली, की थांबला. बेटाभोवती तर खारं पाणीच आहे. हजारो, लाखो वर्षं असं चाललं की एका डोंगराच्या ओढ्यातला खेकडा शेजारच्या डोंगरावरच्या खेकड्याहून वेगळा होत जातो. श्रीलंका आपल्या महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढी, पण तिथे गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या ५० च्या वर जाती आहेत आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. सिलोन्थेल्फुसा, पर्ब्रिंकिया, महाथा, पास्टिला आणि क्लिनोथेल्फुसा या पाच प्रजाती (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) तर पूर्णपणे तिथल्याच. (पर्ब्रिंकिया हे नाव पेर ब्रिंक या स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञाचं. स्वीडनच्या लुंड विद्यापीठाची मोहीम १९६२ मध्ये सिलोनला गेली होती, तिच्यात ते होते.)

हिमयुगांत समुद्राची पातळी खाली गेली की भारत आणि श्रीलंका जमिनीने जोडले जायचे. अगदी अलीकडे, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत. मग खेकडे इकडून तिकडे गेले असतील असं वाटतं ना? २००४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. खेकडे, कोळंबी, मासे, बेडूक, साप यांचे जनुकीय धागे जुळवून पाहिल्यावर दिसलं ते उलटंच. जमिनीचा पूल असूनही दोन्हीकडचे जीव फारसे मिसळलेच नाहीत. सह्याद्रीचे खेकडे सह्याद्रीत राहिले, लंकेचे लंकेत.

तरी नातं आहे. श्रीलंकेचे हे खेकडे ज्या कुळात मोडतात ते गेकार्सिन्युसिडी. हे नाव पडलं गेकार्सिन्युकस या प्रजातीवरून, आणि त्या प्रजातीतला गेकार्सिन्युकस जॅकमाँटी हा आपल्या सह्याद्रीतला खेकडा. व्हिक्टर जॅकमाँट हा फ्रेंच निसर्गअभ्यासक १८३२ मध्ये मुंबईतच वारला, त्याच्या नावाचा. म्हणजे लंकेतल्या खेकड्याचं आडनाव आपल्या घाटातलं आहे. मला या गोष्टीचं उगाचच बरं वाटतं.

पहिली पायरी : वेळ निवडा

श्रीलंकेत दोन मान्सून येतात. नैर्ऋत्येचा साधारण मे ते सप्टेंबर. सिंहराजा, रत्नपुरा, कितुलगला हा सगळा ओला पट्टा त्यात न्हाऊन निघतो. ईशान्येचा डिसेंबर ते फेब्रुवारी. तो पूर्वेचा उतार भिजवतो. या दोहोंच्या मध्ये मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारनंतर गडगडाटी सरी येतात.

खेकडे पाहायला हे मधले महिने मला सगळ्यात सोयीचे वाटतात. संध्याकाळच्या सरीने माती ओली होते, खेकडे बाहेर पडतात, आणि सकाळपर्यंत पाणी पुन्हा नितळ झालेलं असतं. ऐन पावसात जाऊ नका. ओढा गढूळ असला तर काही दिसत नाही आणि फुगला तर जीवावर बेतेल.

दिवसातली वेळ म्हणाल तर अंधार पडल्यावरचे पहिले दोन-तीन तास. बहुतेक जाती निशाचर आहेत. दिवसा दिसतात त्या खुणा. त्या खुणा वाचायला शिकलात, तर रात्री कुठे बसायचं ते कळतं. म्हणून एकाच जागी दोन फेऱ्या धरा, एक दुपारी आणि एक रात्री.

दुसरी पायरी : परवानगी

सिंहराजाचं जंगल तिथल्या वनविभागाकडे आहे. १९८८ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. हॉर्टन प्लेन्ससारखी राष्ट्रीय उद्यानं वन्यजीव संरक्षण विभागाकडे. दोन्हीकडे पर्यटकाला दिवसाच प्रवेश. तिथे फक्त वाटेवरून, फक्त डोळ्यांनी पाहायचं. दगडाला हात नाही, ओढ्यात पाय नाही.

रात्रीची फेरी करायची असेल, तर होमस्टेच्या किंवा मळ्याच्या हद्दीतला ओढा बघा आणि मालकाला आधी विचारा. "खेकडे बघायचेत" म्हटल्यावर लोक हसतात, पण नाही म्हणत नाहीत. सिंहलीत खेकडा म्हणजे ककुळुवा. आपल्या 'कर्कट'चाच भाऊबंद वाटतो. तमिळभाषक मळ्यात असाल तर नंडू म्हणा. ओढ्यासाठीही शब्द जमवून ठेवा, विचारपूस करताना उपयोगी पडतात. मोठी नदी ती गंगा (कुठलीही मोठी नदी, महावेली गंगा, केलनी गंगा), तिच्याहून लहान ती ओया, त्याहून लहान ऍळ, आणि डोंगरातला झऱ्यासारखा ओहोळ म्हणजे दोळ. आपल्याला हवी असते ती बहुतेक वेळा दोळ.

पकडण्याबद्दल एकच सांगतो : पकडू नका. जिवंत खेकडा नको, मेलेला नको, रिकामं कवचसुद्धा पिशवीत टाकू नका. वन्यजीवांच्या बाबतीत तिथला कायदा कडक आहे आणि तो परदेशी माणसाला लागू होतो. 'याला' नावाच्या राष्ट्रीय उद्यानातून कीटक गोळा करणाऱ्या दोन परदेशी पर्यटकांना २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने ६ कोटी श्रीलंकन रुपयांचा दंड ठोठावला. कीटकांसाठी! खेकडा हातात घेऊन मोजणं हे परवाना असलेल्या अभ्यासकाचं काम. आपण न पकडताही पुष्कळ काही मिळवू शकतो, ते पुढे येईलच.

तिसरी पायरी : सोबत काय घ्यायचं

यादी लहान आहे. डोक्याला बांधायची बॅटरी आणि हातात दुसरी, कारण पहिली नेमकी ओढ्याच्या मध्यावर मान टाकते. प्रकाश कमी-जास्त करता येणारी असेल तर उत्तम. झगझगीत झोत पडला की खेकडा गोठतो किंवा पळतो, मंद उजेडात तो आपलं काम चालू ठेवतो. काचेवर लाल जिलेटीन कागद लावला तरी चालतं. तळाला पकड असलेले बूट, पाण्यात टिकणारी वही, पेन्सिल (पेन नको, शाई पसरते), सहा इंची पट्टी, साधा तापमापक, आणि मोबाइलला प्लॅस्टिकची पिशवी.

जळवांसाठी लांब कापडी मोजे घ्या, गुडघ्यापर्यंत येणारे. ओल्या पट्ट्यात जळवा भरपूर. लोक पायाला साबण, जंतुनाशक, तंबाखूचं पाणी, काय काय चोपडतात. तेच पाय ओढ्यात गेले की सगळं पाण्यात उतरतं. डास पळवणारं पर्मेथ्रिन मारलेले कपडे तर अजिबात नकोत. ते कीटकांसाठी बनवलेलं विष आहे, आणि खेकडा-कोळंबी हे कीटकांचे जवळचे नातेवाईक. फार थोड्या मात्रेतही ते त्यांना मारतं. मोजे घाला, वर चढलेली जळू नखाने सरकवा, झालं.

चौथी पायरी : ओढा वाचा

पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं काठावर उभे राहा. ओढा सगळीकडे सारखा नसतो. कुठे पाणी दगडांवरून खळखळतं, कुठे डोहात साचून मंद फिरतं, आणि कुठे काठाच्या भिंतीतून नुसतं झिरपतं. नवखा माणूस डोहात बघतो, कारण तिथे पाणी दिसतं. खेकडे बहुतेक वेळा इतर दोन जागी असतात.

खळखळीत, एकमेकांवर टेकलेल्या मूठभर ते नारळाएवढ्या दगडांच्या खाली जी पोकळी राहते, ती त्यांची घरं. पाण्यात प्राणवायू भरपूर आणि वरून वाहत येणारी कुजकी पानं थेट दारात. ओल्या पट्ट्यातल्या सिलोन्थेल्फुसा प्रजातीतले बरेच खेकडे असे ओढ्यात सापडतात. झिरपत्या काठावर बिळं असतात. उंचावरच्या डोंगरांत, चहाच्या वरच्या जंगलात, पर्ब्रिंकियांची चलती आहे. त्यातले पुष्कळ जण पाण्यापेक्षा ओल्या मातीतच जास्त रमतात. खाली सपाटीला भातखाचरं लागली की ओझिओथेल्फुसा आणि स्पायरालोथेल्फुसा. बांध पोखरून पाणी पळवणारे, शेतकऱ्याच्या शिव्या खाणारे. हे तर आपल्याकडच्या शेतातल्या मुठ्या खेकड्यांसारखंच.

हा ढोबळ नकाशा झाला, नियम नव्हे. झाडाच्या ढोलीतल्या पाण्यात राहणारा खेकडाही लंकेत आहे. पीटर इंग या सिंगापूरच्या तज्ज्ञाने १९९५ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं स्कॅन्सॉर, म्हणजे लॅटिनमध्ये 'चढणारा'. तेव्हा मान वर करूनही बघत चला.

आता खुणा. बिळाच्या तोंडाशी गोट्यांएवढे मातीचे गोळे पडलेले असतात. गोळे ओले आणि चकचकीत असतील तर बीळ आजचं. सुकून भुगा झाले असतील, जाळं विणलं असेल, तर घर रिकामं. पानांच्या कडा कुरतडलेल्या दिसतात. खेकडा सडकी पानं, मेलेले किडे, गोगलगायी, गांडुळं, जे मिळेल ते खातो. दगडावर कवचाचे तुकडे विखुरलेले असतील तर कुणीतरी जेवून गेलंय : मुंगूस, हुमा घुबड, खंड्या. पाणमांजराची विष्ठा सापडली तर ती काडीने उलटून पाहा, लाल-तांबूस कवचाच्या चुऱ्यावरून ओळखता येते. वास येतो, पण बघा.

पाचवी पायरी : कात

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि बहुतेक लोक ती सोडूनच देतात.

खेकडा वाढताना कवच टाकतो. टाकलेली कात अख्ख्या खेकड्यासारखीच दिसते, डोळ्यांच्या देठांसकट, नांग्यांसकट. मेलेला खेकडा आणि कात यांतला फरक सोपा आहे. कात हलकी असते, वास येत नाही, आणि मागच्या बाजूला पाठ नि पोट यांच्यात सरळ फट असते, जणू डब्याचं झाकण उघडलंय. त्या फटीतून खेकडा मागे सरकत बाहेर पडलेला असतो. मेलेल्याचा वास चार हातांवरून येतो.

कात हीच तुमची प्रयोगशाळा. जिवंत खेकड्याला हात न लावता जे जे बघता येत नाही, ते सगळं इथे बघता येतं. ती हलकेच उलटी करा. पोटाखाली दुमडलेला एक पट्टा दिसेल. रुंद, गोलसर, जवळजवळ सगळं पोट झाकणारा पट्टा म्हणजे मादी. अंडी आणि पिल्लं धरायला ती जागा. अरुंद, टोकाकडे एकदम निमुळता होत उलट्या टी अक्षरासारखा दिसणारा पट्टा म्हणजे नर. आपल्याकडे बाजारात चिंबोरी उलटी करून लाखेने (अंड्यांनी) भरलेली मादी निवडणाऱ्या बायका हे एका नजरेत सांगतात. त्यांना शास्त्र सांगायची गरज नाही.

पट्टीवर ठेवून कवचाची रुंदी मोजा, सर्वांत रुंद जागी, मिलिमीटरमध्ये. वरून, खालून, समोरून असे तीन फोटो काढा. नंतर कात होती तिथेच ठेवा. खेकड्याला नव्या कवचासाठी चुना लागतो, आणि पुष्कळदा तो स्वतःचीच कात खाऊन टाकतो. ती तुम्ही काठावर फेकलीत तर त्याची शिदोरी गेली.

आणि कात ताजी असेल तर समजा, जवळच कुठेतरी तो मऊ अंगाने लपलाय. कात टाकल्यावर कवच कडक व्हायला वेळ लागतो. तेवढा काळ तो कुणाच्याही तोंडी सापडू शकतो. त्या जागेचे दगड त्या दिवशी हलवूच नका.

सहावी पायरी : दगड

खाजगी ओढ्यात, मालकाच्या परवानगीने, दगड उचलायचाच असेल तर असा.

एकतर दर पाच-सहा दगडांमागे एकच. सगळे उलटत गेलात तर ते खोदकाम होतं. मोठा, मातीत रुतून बसलेला दगड सोडून द्या. त्याखालची पोकळी अनेक पावसांनी घडवलेली असते, ती पुन्हा तशी बसत नाही. दगडाची लांबची कड धरा आणि दगड स्वतःकडे कलता करा, म्हणजे उघडी बाजू तुमच्यापासून दूर राहते आणि मध्ये दगड आडवा असतो. लंकेच्या ओल्या पट्ट्यात पालापाचोळ्यात नाक वर वळलेला, चापड्याच्या जातीतला एक छोटा विषारी साप सर्रास असतो. तिथे सर्पदंशाच्या बऱ्याच घटना त्याच्यामुळे होतात. बोटं कधीही न दिसणाऱ्या पोकळीत घालायची नाहीत. माझा पहिल्या दिवशीचा हात आठवला की अजून घाम फुटतो.

दगड चार बोटं वर उचलला की थांबा. गढूळ वाहून जाऊ द्या. खेकडा असेल तर तो एका बाजूला सरकेल. बघा, एक फोटो घ्या. पंधरा-वीस सेकंद पुरेत. मग दगड परत ठेवा, पण खेकड्यावर नव्हे. आधी त्याला बाजूला जाऊ द्या, दगड होता त्याच खाचेत, त्याच बाजूने बसवा, आणि मग तो आपणहून कडेने आत जातो. शेवाळाची बाजू वर होती तर वरच राहिली पाहिजे. त्या वाटाड्याने मला दगड तीनदा बसवायला लावला होता. तिसऱ्यांदा तो नीट बसला, तेव्हाच मान हलवली.

पोटाखाली अंडी किंवा पिल्लं असलेली मादी दिसली, तर फोटोसुद्धा राहू द्या, दगड लगेच खाली. घाबरलेली मादी पिल्लं झटकू शकते. खेकड्यांतल्या काही आया फारच काळजीवाहू. जमैकात ब्रोमेलियाडच्या (अननसाच्या कुळातल्या झाडाच्या) पानांच्या बेचक्यात साचलेल्या पाण्यात एक खेकडा पिल्लं वाढवतो. तिथली मादी त्या पाण्यातली कुजकी पानं काढून टाकते आणि गोगलगायींचे शंख आणून टाकते, पिल्लांना चुना मिळावा म्हणून.

सातवी पायरी : रात्र

दुपारी हेरलेल्या ताज्या बिळासमोर किंवा खळखळीच्या काठी दोन-तीन हात लांब बसा आणि बॅटरी बंद करा. वीस मिनिटं गप्प. खेकड्याला आवाजापेक्षा जमिनीची थरथर आधी कळते, म्हणून पाय आपटणं, दगडावर दगड वाजवणं बंद. मग मंद उजेड, थेट त्याच्यावर नाही, जरा बाजूला.

आता पाहा. तो दोन्ही नांग्यांनी आळीपाळीने तोंडात काय घालतो? एक नांगी मोठी आहे का, आणि कोणती? पाण्याबाहेर किती वेळ राहतो? हे खेकडे कल्ल्यांच्या कप्प्याच्या ओल्या भिंतीतून हवेतला प्राणवायूही घेऊ शकतात, म्हणून रात्रभर पालापाचोळ्यात हिंडताना दिसले तर नवल नाही. दोघे समोरासमोर आले की कोण माघार घेतो, हेही लिहा. असल्या साध्या वागणुकीच्या नोंदी फार थोड्या आहेत. तुमची अर्ध्या तासाची वही खरोखर कामाची ठरू शकते.

पाऊस वरच्या डोंगरावर पडत असेल तर इथे आभाळ मोकळं असलं तरी उठा. पाण्याचा रंग बदलला, पानं-काड्या एकदम वाढल्या, आवाज जड झाला, की सामान आवरत बसू नका, वर चढा. आणि पायाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नका. दूषित पाण्यातून जखमेवाटे होणारा लेप्टो आपल्या कोकणाला माहीत आहे, श्रीलंकेलाही चांगलाच माहीत आहे. २००८ मध्ये तिथे मोठी साथ आली होती. परतल्यावर काही दिवसांत ताप आला, तर डॉक्टरांना ओढ्यात उतरल्याचं आवर्जून सांगा.

आठवी पायरी : ओळख, आणि तिची मर्यादा

आधी हे ठरवा, की खेकडा खरंच गोड्या पाण्याचा आहे का. समुद्राजवळच्या सखल ओढ्यात चौकोनी, चपट्या पाठीचा, पायांना केसांची झालर असलेला खेकडा दिसला तर तो बहुधा वरुणा. तो गोड्या पाण्यात वर येतो खरा, पण त्याची पिल्लं खाऱ्या पाण्यावाचून वाढत नाहीत. आपल्या किनाऱ्यावरही तो आहे. लंकेच्या खऱ्या ओढेकरांची पाठ गोलसर-फुगीर, पाय साधे चालायचे.

पुढे रंगावर भिस्त ठेवू नका. एकाच जातीत तपकिरी, जांभळट, नारिंगी असे सगळे मिळतात. कात टाकण्याआधी आणि नंतरही रंग बदलतो. तज्ज्ञ जात ठरवतात ती नराच्या पोटपट्ट्याखाली लपलेल्या दोन काटक्यांसारख्या अवयवांच्या आकारावरून, भिंगाखाली. तुम्हाला ते दिसणार नाही आणि दिसावंही असं नाही. तुम्ही बघा : कवचाच्या कडेला पुढच्या कोपऱ्यात छोटा दात आहे का, डोळ्यांमागे आडवी कड ठळक आहे की पुसट, पाठ गुळगुळीत की खरखरीत, पाय आखूड जाडसर की लांब सडसडीत. एवढ्यावर प्रजातीपर्यंत अंदाज बांधता येतो. पुढे 'जात अनिश्चित' असं सरळ लिहावं. चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा रिकामी जागा बरी.

फोटो चार हवेत : वरून (शेजारी पट्टी, पण खेकड्याला न टेकवता), समोरून चेहरा, बाजूने नांगी, आणि आजूबाजूची जागा. लोक चौथा विसरतात. मोहोमद बाहिर आणि पीटर इंग यांच्यासारख्यांनी लंकेचे खेकडे जातीनिशी मांडले, त्यात नमुन्याइतकीच त्याच्या जागेची नोंद महत्त्वाची होती.

नववी पायरी : नोंद

रात्री परतल्यावर नव्हे, तिथेच लिहा. एक ओळ अशी असावी : तारीख, वेळ, ओढ्याचं स्थानिक नाव, समुद्रसपाटीपासून उंची, पाण्याचं तापमान, तळ (वाळू, गोटे, खडक), वर सावली किती, जवळ काय आहे (जंगल, चहा, भात), किती खेकडे दिसले, काय करत होते, कात किंवा बीळ. काहीच दिसलं नाही तर 'शून्य' लिहा. ही नोंद लोकांना लाजिरवाणी वाटते, म्हणून ते लिहीत नाहीत. पण कीटकनाशक फवारलेल्या मळ्याखालचा ओढा शून्य आणि त्याच ओढ्याचा जंगलातला वरचा भाग सात, हे शेजारी-शेजारी लिहिलेलं असलं तर फार बोलतं.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना नेमकं ठिकाण लपवायची सोय वापरा. लंकेच्या बहुतेक जाती धोक्यात आहेत, आणि काही तर हौशी मत्स्यालयवाल्यांना आवडतील इतक्या रंगीत आहेत.

खेकडा एका ओढ्यातून दुसऱ्यात नेऊ नका

अगदी दयेपोटीही नाही. "इथे पाणी आटतंय, पलीकडे सोडू" असं वाटतं. पलीकडे कदाचित दुसरी जात आहे, किंवा तुमच्या बुटांवरून दुसऱ्या ओढ्याचा रोग आलाय. एका ओढ्यातून दुसऱ्याकडे जाताना बूट घासा, धुवा, उन्हात पूर्ण सुकवा.

सिंगापूरच्या जोहोरा सिंगापोरेन्सिस खेकड्याची गोष्ट इथे सांगायला हवी. पाठ जेमतेम तीन सेंटीमीटर. १९८६ मध्ये पीटर इंग यांनीच वर्णन केला, बुकित तिमाहच्या संरक्षित जंगलातल्या ओढ्यातून. जंगल होतं तसंच राहिलं, पण त्या ओढ्याचं पाणी हळूहळू आम्ल होत गेलं आणि तिथला खेकडा नाहीसा झाला. उरलेल्या मोजक्या ठिकाणांतून तो वाचवायला २०१४ मध्ये तज्ज्ञांचा गट बसला, बंदिस्त जागेत पिल्लं वाढवली, आणि नंतर ती काळजीपूर्वक निवडलेल्या ओढ्यात सोडली. एक एवढासा प्राणी हलवायला एवढा घाट घालावा लागला. डब्यात घालून नुसतं पलीकडे सोडणं किती धोक्याचं आहे ते यावरून कळावं.

खाण्याबद्दल विचारणारे भेटतातच. आपल्याकडे पावसाळ्यात सर्दी-खोकल्याला मुठ्यांचं कढण देतात; ते खदखदून उकळलेलं असतं म्हणून ठीक. गोड्या पाण्याच्या कच्च्या किंवा अर्धकच्च्या खेकड्यातून फुप्फुसात राहणारा चपटा कृमी माणसात येतो, हे आशियात अनेक ठिकाणी दिसलेलं आहे. लंकेचे ओढेकर मात्र शिजवायचेही नाहीत.

शेवटची फेरी

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी निघायच्या आधी, त्याच जागी पुन्हा जा. वही उघडा. काल उचललेला दगड शोधा. सापडला नाही, इतका बेमालूम बसला असेल, तर तुमचं काम चांगलं झालं. कडेला गढूळपणा राहिला नसावा. मग बिळाच्या तोंडाशी वाका. माझ्या त्या चहामळ्याशेजारच्या बिळापाशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तीन नवे गोळे पडले होते, ओले, अजून चकाकणारे. वाटाड्या माझ्यामागे उभा होता. मी वेळ लिहिली, गोळे मोजून लिहिले आणि उठलो.